साक्ष द्यायला उभं राहायचंय, पण अकरा कॅरेटचा हिशोब बाकी आहे

उंबराखालचा (धागाकर्ता), शुक्रवार, रात्री १०:५०

सलाम मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, लिहायची वेळ आज आली.

परवा रविवारी उपासनेत साक्ष द्यायला पाळकसाहेबांनी सांगितलंय. ख्रिस्ती नसलेल्यांसाठी सांगतो: प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीपुढे, म्हणजे चर्चमधल्या सगळ्यांपुढे, उभं राहून बोलायचं, त्याला आमच्यात साक्ष म्हणतात. मला याची सवय आहे. माझी दारू सुटल्याची साक्ष नाशिकपासून मनमाडपर्यंत चार-पाच मंडळ्यांत झालेली आहे. खरं सांगू का, ती आता पाठ झालीय. कुठे थांबायचं, कुठे आवाज बारीक करायचा, कुठल्या वाक्याला मागच्या बाकावरून ‘आमेन’ येतं, सगळं ठाऊक.

मागच्या महिन्यात अशीच साक्ष देऊन बाहेर आलो. चपला घालत असताना महिला मंडळातल्या एक मावशी शेजारी येऊन म्हणाल्या, “दारूचं छान सांगतोस रे. काट्याचं कधी सांगणार?”

काट्याचं म्हणजे असं. २०१४ च्या सुमारास मी द्राक्षांचा छोटा व्यापारी होतो. बागेत जाऊन माल घ्यायचा, तिथेच काटा लावायचा. रिकामं कॅरेट भरायचं पावणेदोन किलो, मी वजनातून वजा करायचो सव्वादोन. कॅरेटमागे अर्धा किलो. शेतकऱ्याच्या डोळ्यादेखत व्हायचं सगळं, पण खुडा चालू असताना, बायका टोपल्या घेऊन रांगेत उभ्या असताना, रिकामं कॅरेट कोण काट्यावर ठेवून बघतो? मावशींच्या नात्यातलं एक कुटुंब दिंडोरी तालुक्यात आहे. त्यांच्या बागेतून त्या हंगामात ३६० कॅरेट उचलली. म्हणजे १८० किलो फुकट. २८ चा भाव होता. ५,०४० रुपये.

दारूने मी स्वतःला आणि घराला जाळलं, ते ऐकून लोकांना माझी दया यायची. काट्याचं सांगितलं असतं तर दया कुणालाच आली नसती. बहुतेक म्हणूनच ते साक्षीत कधी आलं नाही.

गेल्या रविवारी गेलो तिकडे. म्हातारबाबा तीन वर्षांपूर्वीच वारले. मुलगा फवारणीवरून आलेला, हाताला कोपरापर्यंत बोर्डोचा निळा. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही. हात धुतले, पैसे मोजले, अंगठ्याला थुंकी लावून दुसऱ्यांदा मोजले. मग म्हणाला, “बाबा म्हणायचे, कॅरेट हलकं लागतंय. आम्ही त्यांनाच वेड्यात काढायचो.” चहा आला. निघताना म्हणाला, “आणि शेवटच्या दिवशीची अकरा कॅरेट? ती तर तुम्ही लिहिलीच नाहीत.”

माझ्या वहीत अशी अकरा कॅरेट नाहीत. दोनदा पाहिलं.

प्रश्न दोन. वहीत नसलेले पैसे द्यावेत का? आणि हे असं अर्धवट असताना रविवारी उभं राहावं का?

---

गोदाकाठची, शुक्रवार, रात्री ११:१५

दादा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बायबलमध्ये मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे, २३ आणि २४ वचन. वेदीपाशी दान घेऊन गेलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. गंमत बघा, तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही असेल तर, असं म्हटलेलं नाही. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध असेल तर. म्हणजे वही कुणाची धरायची ते तिथेच ठरलंय.

उद्या शनिवार आहे. जाऊन या.

---

हिशोबी, शुक्रवार, रात्री ११:४०

आयडी ‘उंबराखालचा’ घेतलाय म्हणजे जक्कय तुम्हाला माहीत आहेच, त्यामुळे सुटका नाही. 🙂 लूक १९. यरीहोचा मुख्य जकातदार, ठेंगणा, उंबरावर चढून बसलेला. तो म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कुणाला फसवून घेतलं असेल तर चौपट परत. तुमच्या ५,०४० चे चौपट झाले २०,१६०.

पण घाबरू नका. चौपट तो आपण होऊन बोलला, येशूने मागितलं नव्हतं. मोशेच्या नियमशास्त्रात मेंढरू चोरून मारलं किंवा विकलं तर एकाची चार (निर्गम २२:१). आणि ज्याने आपणहून कबूल केलं त्याला वेगळा हिशोब आहे, गणना ५:७: पाप पदरात घ्यायचं, मूळ रक्कम द्यायची आणि वर तिचा पाचवा हिस्सा. म्हणजे ५,०४० अधिक १,००८, एकूण ६,०४८. पुढचंच वचन तर तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे, ज्याला द्यायचं तो हयात नसेल तर जवळच्या नातेवाइकाला द्यायचं, तोही नसेल तर याजकाला.

इतक्या जुन्या काळच्या पुस्तकात वजनकाट्याबद्दल केवढं लिहून ठेवलंय! खोटा काटा परमेश्वराला वीट आणतो, नीतिसूत्रे ११ चं पहिलंच वचन. आमच्या दुकानात ते वडिलांनी लावलं होतं, काट्याच्या मागे. गिऱ्हाइकाला दिसायचं नाही, आम्हाला दिसायचं.

---

शंकासुर, शनिवार, सकाळी ७:२०

मी ख्रिस्ती नाही, देवभोळाही नाही. धागाकर्त्याचं कौतुक आहे, पैसे परत करायला जाणारा व्यापारी मी नाशकात पहिल्यांदाच बघतोय.

पण दोन गोष्टी खटकल्या. एक, लबाडी केली, पैसे परत केले, विषय संपला. यात येशू कशाला लागतो? दोन, आमच्याकडे लोक रामकुंडात बुडी मारून पाप धुतात, तुमच्याकडे रडून धुतात. बुडी मारून वर आलेला दलाल पुन्हा तोच काटा लावतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय. रडून उठलेला लावत नसेल कशावरून?

आणि साक्ष साक्ष म्हणता तो शेवटी प्रचारच ना?

---

संपादक, शनिवार, सकाळी ८:०५

धर्मांतराच्या बाजूने वा विरुद्ध आरडाओरडा या धाग्यावर नको. शंकासुर यांचे प्रश्न रीतसर आहेत, ते राहू द्या.

---

शब्दवेडी, शनिवार, सकाळी ९:३०

शंकासुर, बुडी आणि रडणं या दोन्हींबद्दल तुम्ही म्हणता ते बायबललाही मान्य आहे. बाप्तिस्मा करणारा योहान यार्देन नदीवर बुडी घ्यायला आलेल्यांनाच ‘सापाच्या पिल्लांनो’ म्हणतो (लूक ३). पश्चात्तापाला शोभेल असं फळ दाखवा, म्हणतो. लोक विचारतात, म्हणजे करू काय? त्याची उत्तरं फार साधी आहेत. दोन अंगरखे असतील तर एक दे. जकातदारांनो, ठरलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांनो, कुणाकडून दमदाटीने पैसे उकळू नका, पगारात भागवा. ध्यान नाही, उपास नाही, डोळ्यातलं पाणी नाही. हातात काटा आहे त्याला काट्याबद्दलच सांगितलं.

आता शब्दांकडे येते. पश्चात्ताप म्हणजे मागाहून झालेला ताप. मराठी शब्दातच दुःख भरलेलं आहे, म्हणून आपल्याला वाटतं जितकं रडू तितका पश्चात्ताप मोठा. नव्या करारातला ग्रीक शब्द आहे ‘मेटानोइया’, मन बदलणं, बुद्धी फिरणं. जुन्या करारात हिब्रू ‘शूब’, म्हणजे चक्क मागे वळणं, परत येणं. रस्ता चुकलेला माणूस फाट्यावरून गाडी वळवतो तसं. त्याला रडू आलं की नाही हा प्रश्न दुय्यम.

आणि एक गंमत. यहूदा या शिष्याने येशूला धरून दिलं, नंतर त्याला वाईट वाटलं, तीस नाणी त्याने परतही नेऊन दिली (मत्तय २७). म्हणजे पैसे परत केले! पण तिथे मत्तयाने ‘मेटानोइया’ वापरलेला नाही, दुसरा शब्द घातलाय, ‘मेटामेलोमाइ’, म्हणजे आपल्या भाषेत नुसता पस्तावा. पेत्र हा दुसरा शिष्यही त्याच रात्री येशूला तीनदा नाकारून धाय मोकलून रडला होता. एक जण पैसे फेकून गळफासाकडे गेला, दुसरा परत फिरून त्याच धन्याकडे गेला. शंकासुर, ‘येशू कशाला लागतो’ याचं माझ्यापुरतं उत्तर या दोघांच्या मधल्या जागेत आहे. पस्तावा होतो तेव्हा माणूस आपल्या पापाकडे बघत बसतो. वळायचं तर कुणाकडे वळायचं ते ठाऊक असावं लागतं, आणि तो आपल्याला दारात उभं करील असा भरवसाही लागतो. त्या भरवशाला आम्ही विश्वास म्हणतो. पौलाने इफिसच्या वडीलजनांना निरोप देताना आपल्या सगळ्या कामाचं सार सांगितलंय (प्रेषितांची कृत्ये २०:२१), त्यात हे दोन्ही एकाच दमात येतात: देवाकडे पश्चात्ताप आणि येशूवर विश्वास.

अवांतर: आपल्या संतवाङ्मयातला ‘अनुताप’ मला या बाबतीत ‘पश्चात्तापा’पेक्षा जवळचा वाटतो. बायबलच्या मराठी भाषांतरात तो का चालला नाही, देव जाणे.

---

प्रेसकॉलनी, शनिवार, सकाळी १०:१०

मी नाशिकरोडचा, कॅथलिक. आमच्याकडे हे सगळं फादरांच्या कानात सांगायचं असतं, माईकवर नाही, त्याबद्दल मी देवाचे आभार मानतो. 😄

गंमत सोडा. लोकांचा समज असतो की कॅथलिक माणूस प्रायश्चित्त संस्काराला जातो, फादर क्षमा उच्चारतात, पाटी कोरी. तसं नाही. क्षमा झाली तरी भरपाई सुटत नाही. चोरलेलं परत करायचं, कुणाची बदनामी केली असेल तर ती जमेल तितकी पुसायची, अशी आमच्या धर्मशिक्षणात स्पष्ट शिकवण आहे. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला इथे पापनिवेदनाच्या रांगा लागतात तेव्हा मी नेहमी विचार करतो, यातल्या प्रत्येकाने घरी जाऊन एक एक हिशोब मिटवला तर नाशिकरोडची निम्मी भांडणं संपतील. (त्यात माझा आणि धाकट्या भावाचा भिंतीचा वाद धरून.)

आणि तुम्हा प्रॉटेस्टंट मंडळींना तुमच्याच पंथाच्या जनकाची, मार्टिन ल्यूथरची आठवण करून देतो. १५१७ च्या त्या ९५ मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा आहे की प्रभूने ‘पश्चात्ताप करा’ म्हटलं तेव्हा विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं असं त्याला म्हणायचं होतं. सगळं आयुष्य! दारू सुटल्याची तारीख सांगून मोकळं होता येत नाही.

---

उंबराखालचा, शनिवार, सकाळी १०:४५

शंकासुरभाऊ, तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर शब्दवेडीताईंसारखं मला देता येणार नाही. घडलं ते सांगतो.

बाप्तिस्मा घेऊन मला नऊ वर्षं झाली. त्यातली निदान सहा वर्षं मी वणीकडे जाताना त्या गावच्या फाट्याला मोटारसायकलचा वेग वाढवायचो. लबाडी केली हे कळत होतं, पैसेही होते. पण जाऊन उभं राहायचं म्हणजे मी जो आहे तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं. तेवढी छाती नव्हती. मग जक्कयाची गोष्ट शंभराव्यांदा वाचताना एक लक्षात आलं. येशू त्याला झाडाखालून म्हणतो, लवकर उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. लोक कुरकुरतात. आणि मग जक्कय उभा राहून पैशाचं बोलतो. आधी पैसे दे मग घरी येतो, असं नाही. आधी पाहुणा आला, मग तिजोरी उघडली.

मला त्या अंगणात उभं राहता आलं ते एवढ्याचमुळे, की त्या मुलाने कुत्रं अंगावर सोडलं असतं तरी मी कुणाचा आहे हे आधीच ठरलं होतं. प्रामाणिक माणसाला येशू लागत नसेल, भाऊ. मला लागला. मी प्रामाणिक नव्हतो.

---

शंकासुर, शनिवार, सकाळी ११:०२

बरं. हे उत्तर आवडलं. पटलं असं म्हणत नाही.

---

मधल्या_बाकावरची, शनिवार, दुपारी १२:३०

कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. माझं माहेरचं घर साक्षींमध्ये भाजून निघालंय. वडील जिथे जातील तिथे सांगायचे, मी बायकोला कसं मारायचो आणि प्रभूने मला कसं बदललं. लोकांच्या डोळ्यांत पाणी. आई बायकांच्या बाजूला मधल्या बाकावर, पदर पुढे ओढून. तिला कुणीही, एकदाही विचारलं नाही की बाई, हे सगळ्यांपुढे सांगितलेलं चालेल का? आणि खरंच बदलला का? घरी हात उचलणं थांबलं होतं, मान्य. पण तिच्याशी माफीचा शब्द बोलल्याचं मी कधी ऐकलं नाही. पाचशे लोकांपुढे कबुली, जिला मारलं तिच्यापुढे गप्प.

मार्काच्या पाचव्या अध्यायात भुतं लागलेला माणूस बरा झाल्यावर येशूबरोबर नावेत चढायला बघतो. येशू त्याला घेत नाही. म्हणतो, आपल्या घरी जा, आपल्या माणसांना सांग. घरी! त्या माणसाने साखळ्या तोडल्या, रात्रंदिवस ओरडला, ते ज्यांनी सोसलं त्यांच्याकडे आधी.

म्हणून उंबराखालचा दादा, रविवारी बोललात तर त्या कुटुंबाचं गाव, आडनाव, म्हातारबाबांचं ‘वेड्यात काढलं’ हे काही सांगायचं नाही. ते त्यांचं आहे. तुम्ही इथेही जरा जास्तच सांगितलंय.

---

उंबराखालचा, शनिवार, दुपारी १२:५०

ताई, चुकलं. गावाचं नाव घातलं नव्हतं, पण त्यांना विचारलंही नव्हतं. आज विचारतो.

---

शरणपूरचा, शनिवार, दुपारी १:४०

जेवण करून सावकाश लिहितोय, लांब होईल.

‘साक्ष’ हा शब्द आपण इतका गुळगुळीत केलाय की तो कोर्टातला आहे हे विसरलो. ग्रीक ‘मार्टुस’ म्हणजे जो पाहिलेलं शपथेवर सांगतो तो. पुढे हे सांगण्यापायी लोक मारले गेले, म्हणून तोच शब्द हुतात्म्याला लागला. कोर्टातल्या साक्षीदाराला वकील पहिली गोष्ट कोणती विचारतो? तुम्ही तिथे होता का, काय पाहिलंत? तुमचं मत कुणी विचारत नाही. आणि दुसऱ्या बाजूचा वकील एकच करतो, साक्षीदार लबाड आहे हे दाखवतो. एकदा ते दाखवलं की त्याने खरं सांगितलं तरी वाया. मावशींनी चपलांजवळ केली ती उलटतपासणी होती, आणि त्यांचं चुकलं नाही.

आता आमच्या शरणपूरचं. शरणपूर रोडवरून रोज हजारो गाड्या जातात, पण हे ‘शरण’ कुणाचं हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ही वसाहत उभी केली. अरबी समुद्रात इंग्रजी आरमाराने गुलामांची गलबतं पकडली की त्यातली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवायचे, आणि त्यातली कित्येक इथे, नाशकात येऊन शिकली. सुतारकाम, लोहारकाम, अक्षर, बायबल. त्यांना ‘नाशिक बॉइज’ म्हणत. त्यातला एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आत मरण पावले तेव्हा त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, वेनराइटने दफनाची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव-तारीख कोरली. मग त्या सगळ्यांनी मिळून देह वाळवून, गुंडाळून कित्येक महिने चालत समुद्रापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा पेटीला हात लावणाऱ्यांत आपला हा नाशिकचा मुलगा होता.

हे अभिमानाने सांगतात, मीही सांगतो. पण साक्षीचा विषय निघालाय म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. गलबतं अडवणारं हे राष्ट्र १८०७ पर्यंत स्वतः गुलामांच्या व्यापारात आकंठ बुडालेलं होतं. १८३३ च्या कायद्याने वसाहतींतली गुलामी बंद करायचं ठरलं, तेव्हा दोन कोटी पौंड भरपाई दिली गेली, ती मालकांना. गुलामांना छदाम नाही. म्हणजे राष्ट्राच्या पातळीवर मेटानोइया झाला, रस्ता वळला, पण जक्कयाचा हिशोब उलटा झाला. तरी शरणपुरात त्या पोरांना शिकवणाऱ्यांचा विश्वास खोटा होता असं मला म्हणता येत नाही. दोन्ही खरं आहे. आमच्या स्मशानभूमीतल्या जुन्या थडग्यांजवळून जाताना मला हे दोन्ही आठवतं.

आणि मधल्या_बाकावरचीताईंच्या मुद्द्याला धरून आणखी एक. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५, मुंबईत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. एवढा मोठा कवी, एवढा विद्वान, पण घरातली साक्षीदार लगेच पटली का? नाही. १९०० साल उजाडावं लागलं. त्यातही जातीचं सोवळं-ओवळं त्यांच्या मनातून आपल्या आपण आधी गळालं, बाप्तिस्मा मागून. टिळकांच्या कीर्तनांनी आणि अभंगांनी मंडळ्या डोलल्या, पण बायकोला पटायला पाच वर्षं गेली. पंडिता रमाबाईंचं तर त्याहून विलक्षण. बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडात. आणि पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. अशी साक्ष द्यायला किती धैर्य लागलं असेल! तोवर त्यांचं नाव देशाबाहेर पोचलेलं होतं.

---

निफाडचा_बागायतदार, शनिवार, दुपारी २:१५

राम राम. देवाधर्माचं तुमचं चालू द्या, मला अकरा कॅरेटचं बोलायचंय. 😀

शेवटच्या दिवशी बाग झाडून काढतात तेव्हा जो मणी-लूज, बारका घड निघतो तो काट्यावर घेत नाहीत, उक्ता देतात. ‘ही अकरा घेऊन जा, भावाचं नंतर बघू.’ असं तोंडी. व्यापारी तो हिशोब वहीत आत लिहीत नाही, मागच्या पुठ्ठ्यावर नाहीतर शेवटच्या पानावर खरडतो. आमचे असे ‘नंतर बघू’ तीन हंगामांचे अडकलेत, त्या व्यापाऱ्याने नंतर कधी बघितलंच नाही. वहीचं मागचं पान पाहा.

---

उंबराखालचा, शनिवार, दुपारी २:४०

पाहिलं. मागच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला, पेन्सिलीने. ‘११ उ.’ आणि पुढे त्या घराचं नाव. भाव नाही.

दोनदा पाहिलं म्हणालो होतो. पुठ्ठा नव्हता पाहिला. निघतोय.

---

हिशोबी, शनिवार, दुपारी २:४४

११ कॅरेट, वीस किलोने २२०. अठ्ठावीसने ६,१६०. पाचव्या हिश्शाचं विसरू नका.

---

निफाडचा_बागायतदार, शनिवार, दुपारी २:५०

उक्त्याला अठ्ठावीस??

---

गोदाकाठची, शनिवार, संध्याकाळी ६:३०

काय झालं?

---

उंबराखालचा, शनिवार, रात्री ९:२०

आत्ता आलो. वही घेऊनच गेलो होतो, पुठ्ठा दाखवला. त्याने बायकोला बोलावून दाखवला, तिने सासूला. म्हाताऱ्या आजी चष्मा लावून बराच वेळ त्या पेन्सिलीच्या अकऱ्याकडे बघत बसल्या.

मी ६,१६० काढले. तो म्हणाला, “उक्त्या मालाला अठ्ठावीस कोण देतं? पंधरा धरा.” मी अठ्ठावीसच म्हणत होतो, तो पंधराच म्हणत होता. आयुष्यात असा सौदा केला नव्हता, दोघंही उलट्या बाजूला ओढतोय. शेवटी पंधराने ३,३०० घेतले. पाचव्या हिश्शाचे ६६० आणि आधीच्या रकमेवरचे १,००८ पुढे केले तर म्हणाला, हे कशाचे? मोशेचं सांगत बसलो नाही. उशिराचे म्हणालो. ते त्याने घेतले नाहीत. आजींनी घेतले.

रविवारी बोलू का विचारलं. म्हणाला, “तुमचं तुम्ही बोला, आमचं नाव नको. बाबांचंही नको.” इथे लिहिलेलंही सांगितलं. मोबाइलवर हा धागा त्याने वाचला. ‘वेड्यात काढायचो’ असू द्या म्हणाला, ते खरं आहे.

प्रभूबद्दल त्याने काही विचारलं नाही, मीही काही बोललो नाही.

---

शंकासुर, शनिवार, रात्री ९:४१

मग यात साक्ष कुठे झाली? तुम्ही तर येशूचं नावच घेतलं नाही.

---

शब्दवेडी, शनिवार, रात्री १०:०५

आता तुम्हीच विचारताय की येशूचं नाव का घेतलं नाही? सकाळी प्रचार म्हणत होतात. 🙂

मला वाटतं नाव घ्यायची वेळ येते, पण ती समोरच्याने विचारल्यावर. पेत्राच्या पहिल्या पत्रातही (३:१५) असंच आहे, तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यतेने. आज त्याने विचारलं नाही. तुम्ही मात्र विचारलंत, आणि सकाळी पावणेअकराला उत्तर मिळालं.

---

प्रेसकॉलनी, शनिवार, रात्री १०:३०

भावाला फोन केला. भिंतीबद्दल. उचलला नाही. उद्या मिस्सानंतर पुन्हा करतो.

---

शरणपूरचा, रविवार, दुपारी १२:१०

उंबराखालचा, उभे राहिलात का?

---

उंबराखालचा, रविवार, दुपारी ३:००

राहिलो. चार मिनिटं. दारूचं बोललो नाही. म्हटलं, मी व्यापारी असताना रिकाम्या कॅरेटचं वजन खोटं धरायचो, आठ-दहा बागांत. दोन घरांचं फिटलं, बाकीच्यांची यादी केलीय, प्रभू जायला बळ देतोय, प्रार्थना करा. मधेच अडखळलो, पाठ नव्हतं ना. ‘आमेन’ आलं नाही. दोन-तीन जण खाली बघत होते, त्यातला एक मार्केट यार्डात असतो.

बायकोने घरी आल्यावर विचारलं, यादीत किती नावं आहेत? सात म्हणालो. म्हणाली, माझ्या भावाचं घातलंस का? नव्हतं घातलं. आता आठ आहेत.

मावशी बाहेर भेटल्या. म्हणाल्या, मागे काही ऐकू येत नव्हतं, पुढच्या वेळी माईक तोंडाजवळ धर.